पोर्तुगीजमध्ये ‘बडी धेंडं’ कशी आणायची?

तुमचा प्रश्न असा की ‘द पॉवर्स दॅट बी’ (सत्तेवरची मंडळी), ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ (सूत्रं हलवणारी बडी माणसं), ‘ओल्ड बॉइज नेटवर्क’ (बड्या शाळांतल्या जुन्या सोबत्यांचं एकमेकांना पुढे करणारं जाळं) असले इंग्रजी प्रयोग पोर्तुगीजमध्ये शब्दशः नेले तर चालतात का.

नाही चालत, हे मी तोंडावर आपटून शिकलोय. अगदी सुरुवातीला एका निमंत्रणपत्रिकेचं काम आलं होतं. साओ पाउलोत रात्रीचं जेवण, पाहुणे सगळे उद्योगपती, आणि इंग्रजी मजकुरात त्यांना ‘मूव्हर्स अँड शेकर्स’ म्हटलेलं. मी बरीच झटापट करून ‘आझितादोरेस’ लिहिलं. त्याचा अर्थ होतो चिथावणीखोर, जमाव भडकवणारे! छापायला जायच्या आधी तिकडच्या बाईंचा एका ओळीचा मेल आला : ‘पोलिसांनाही आमंत्रण द्यायचं का?’ तिथे ‘पेसोआस इन्फ्लुएन्तेस’, म्हणजे वजनदार माणसं, एवढं साधं पुरलं असतं. (मूळ इंग्रजी प्रयोग 1870च्या दशकातल्या एका कवितेतला आहे आणि तिथे तो चक्क कवींबद्दल आहे. उद्योगपती मागाहून घुसले.)

‘पॉवर्स दॅट बी’ जरा अवघड आहे. तो बायबलमधला, रोमकरांस पत्राच्या 13व्या अध्यायातला. टिंडलच्या 1526च्या भाषांतरापासून इंग्रजीत रुळला. त्याच जागी आल्मेदाच्या पोर्तुगीज बायबलात ‘पोतेस्तादेस’ आहे. पण तो शब्द आज वापरलात तर प्रवचन वाटेल, वर अदृश्य दुष्ट शक्तींचा वास येईल तो वेगळाच. शब्दकोश ‘पोदेरेस कोन्स्तितुईदोस’ सुचवतो. सरकारी भाषणात ते शोभतं, पण इंग्रजीतली कुरकुर त्यात उतरत नाही. ‘वरून आलंय, आपण काय बोलणार’ हा सूर हवा असेल तर ब्राझीलमध्ये ‘ओ पेसोआल ला दे सीमा’ म्हणा. शब्दशः आपली ‘वरची मंडळी’च! इंग्रजीच्या वाटेने जाण्यापेक्षा कधीकधी मराठीतून थेट उडी मारलेली बरी.

एकच बडं प्रस्थ असेल तर ब्राझीलकडे झकास शब्द आहे, ‘मांदाशूवा’ : पावसाला हुकूम सोडणारा. ‘टॉप कॅट’ हे जुनं कार्टून तिकडे याच नावाने लागायचं, त्यामुळे शब्दाला थोडी मिश्कील छटा आहे. गंभीर अग्रलेखात जपून. पोर्तुगालमध्ये ‘दोनु दिश्तु तूदु’ ऐकाल, म्हणजे ‘या सगळ्याचा मालक’. बांकु एश्पिरितु सांतुचे प्रमुख रिकार्दु साल्गादु यांना लोक असं म्हणत. 2014मध्ये ती बँक कोसळली, पण शब्द टिकला. तो आता वाचला की कौतुकापेक्षा टोमणाच ऐकू येतो.

‘ओल्ड बॉइज नेटवर्क’साठी सरळ प्रतिशब्द शोधू नका, कारण इंग्लंडच्या त्या महागड्या शाळाच मुळात तिकडच्या नाहीत. आपसात वाटून खाणारं टोळकं दाखवायचं असेल तर ‘पानेलीन्या’, म्हणजे छोटं पातेलं. पोर्तुगालमध्ये ‘ताशु’ हा शब्दही ऐकाल. तेही भांडंच, पण अर्थ निराळा : पानेलीन्या म्हणजे टोळकं, तर ताशु म्हणजे ओळखीपाळखीने पदरात पडलेलं गुबगुबीत पद. आणि म्हण हवी असेल तर ‘ज्याला पाद्रीन्यो आहे, तो बाप्तिस्म्याविना मरत नाही.’ पाद्रीन्यो म्हणजे धर्मपिता. आपण म्हणतो, ज्याचा वशिला त्याचं कुत्रं काशीला. दोन्हीकडे परलोकाची सोय वशिल्यानेच होते, पण आपण कुत्र्यालाही नेलं!

तुमचा मजकूर कुठल्या देशासाठी आहे तेवढं कळवा. ‘ताशु’ ब्राझीलमध्ये पाठवलात तर तो स्वयंपाकघरातच राहील.