आधी सील फोड

कोल्हापूर, आषाढ

पोरी,

परवा तू माझ्या जिन्यात बसून जे बोललीस ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो. समोरासमोर बोललो असतो तर मी मध्येच चिडलो असतो आणि तू गप्प होऊन चहा पीत बसली असतीस.

"काका, मी सिनेमे जमवतो का नुसते डबे जमवतो, तेच कळंना झालंय." आपल्या कोल्हापूरच्या पोरी बोलतात तसं 'जमवतो' म्हणालीस, आणि पुढं तुझा आवाज बसला. मग पिशवीतून वही काढलीस. ८५० डिस्क. त्यातल्या ४१२ अजून न पाहिलेल्या. आठवड्याला एक धरला तरी आठ वर्षं लागतात, हा हिशेबही तूच मांडून ठेवला होतास. आई म्हणते गव्हाची कोठी ठेवायला जागा नाही. रात्री कपाटासमोर उभं राहिलं की बरं वाटतं, आणि मग अंथरुणात पडून मोबाईलवर काहीतरी अर्धवट बघत झोप लागते. अभिमान वाटतो का लाज, तुला सांगता येईना.

लाजेचं मी काही बोलणार नाही. गोकुळ शिरगावला दिवसभर मशीनसमोर उभं राहून मिळवलेल्या पैशातून तू सिनेमे घेतलेस. सिनेमा हा नाद आहे का खर्च, यावर तुझ्यामाझ्यात वाद असण्याचं कारण नाही. मी तुला एकच विचारलं होतं, त्या ४१२ मधल्या किती डब्यांवर प्लास्टिक अजून तसंच आहे? तू म्हणालीस, "बऱ्याच. फोडावंसं वाटत नाही, नवं दिसतंय तोवर छान वाटतं."

तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. सील फोड. आज रात्री, जेवायच्या आधी, निदान दहा फोड. हे मी का सांगतोय ते आता नीट ऐक.

मी सतरा वर्षं शाहूपुरीत व्हिडिओ लायब्ररी चालवली. आधी कॅसेट, मग व्हीसीडी, शेवटी डीव्हीडी. गणपतीत लोक टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्यानं न्यायचे, सोबत तीन कॅसेट. गल्लीत सतरंजी पडायची आणि पहाटेपर्यंत तिन्ही बघून व्हायच्या. सकाळी कॅसेट परत आली की गरम लागायची. एखाद्या सिनेमाची फीत झिजून चित्रात पांढऱ्या रेघा धरायला लागायच्या, आवाज खाली-वर व्हायचा, तरी लोक तीच मागायचे. व्हीसीडी आल्यावर ओरखड्यांवरून कळायला लागलं. ज्या डिस्कची पाठ खरवडलेली ती लोकांची लाडकी, आणि जी आरशासारखी ती कुणालाच नको असलेली. आमच्या दुकानात एकही डबा सीलबंद नव्हता. सीलबंद डबा म्हणजे न चाललेला माल, असं मी पोऱ्यालाही शिकवलं होतं.

२००७ च्या सुमाराला व्हीसीडी २८ रुपयांना विकत मिळायला लागली. दहा रुपये भाडं देऊन उद्या परत आणायची, त्यापेक्षा विकतच घेऊ, असं लोक म्हणायला लागले, आणि त्यांचं बरोबरच होतं. दुकान मी बंद केलं. पण मीही त्याच भावात घ्यायला लागलो, स्वतःसाठी. आणि इथं माझ्या हातून ती चूक झाली, जी तू आता करते आहेस. दुकानातला माणूस संपला आणि संग्रहवाला माणूस सुरू झाला. मी डबे फोडेना झालो. म्हणायचो, मोठा टीव्ही आला की बघू, निवृत्तीनंतर बघू, सगळे जमले की बघू. हजाराच्या वर गेले आणि मी रांगा लावत बसलो.

माझ्या आईचं माहेर लोहाराचं. लहानपणी ती बापाचा भाता ओढायची. १९६५ साली भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं' आला, तो तिनं लग्नाआधी इथंच थिएटरात पाहिला होता. लोहार नवरा-बायकोची गोष्ट, पडद्यावर ऐरण आणि भाता, आणि त्याचं संगीत लताबाईंनी 'आनंदघन' नावानं दिलेलं. आईला ही नावं-गावं काही ठाऊक नव्हती. तिला एवढंच ठाऊक होतं की आपल्या घरातलं काम कुणीतरी पडद्यावर दाखवलं. पुढच्या चाळीस वर्षांत तो परत बघायचा योग आला नाही. २००८ ला मला त्याची डिस्क मिळाली. मी तिला दाखवली, म्हणजे डबा दाखवला. तिनं हातात घेऊन उलटसुलट केला, म्हणाली, लाव की. मी म्हटलं, आई, ह्या चौदा इंची टीव्हीवर नको, दिवाळीला मोठा घेतोय, तेव्हा बघू.

त्या दिवाळीला मोठा टीव्ही झाला नाही. पुढच्याही नाही. तिला काचबिंदू होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. बाजूचं दिसत नाही म्हणून ती दाराच्या चौकटीला धडकायची, आम्ही म्हणायचो वय झालं. डॉक्टरांकडे नेलं तेव्हा ते म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखू. तीही राहिली नाही. २०११ ला बत्तीस इंची टीव्ही भिंतीला लागला, मी डब्याचं प्लास्टिक नखानं फोडलं आणि सिनेमा लावला. आई पलंगावर बसून ऐकत होती. मध्येच विचारायची, "आता कोण आलं? काय करतोय तो?" मी सांगत होतो. भात्याचा आवाज आला तेव्हा तिनं हात हलवला, ओढल्यासारखा. पूर्ण सिनेमा मी बोलत राहिलो, आणि दिसतंय ते बोलून दाखवायला माझ्याकडे शब्द पुरेसे नव्हते.

तीन वर्षं तो डबा हातभर अंतरावर होता. चौदा इंचावर तिला सगळं दिसलं असतं.

म्हणून सील फोड म्हणतो. मला तुझ्या शिस्तीचं काही पडलेलं नाही, वहीतले आकडे जुळवायचे म्हणूनही सांगत नाही. सील फोडलं की त्या सिनेमाशी तुझा काहीतरी संबंध सुरू होतो. तोवर तो दुकानातलाच आहे, फक्त जागा तुझ्या घरातली अडवतो.

आता पुराचं सांगतो, कारण तू म्हणालीस की सील असलं की डिस्क टिकते. हे तुला कुणी सांगितलं ठाऊक नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४३, हे तुलाही पाठ असेल. आमच्या पलीकडच्या कुंभारगल्लीत गणपतीच्या मूर्ती तशाच भिजल्या. आम्ही सहा दिवस राजारामपुरीत मेहुण्याकडे होतो. परत आलो तर रॅकचे खालचे दोन कप्पे गाळात. कॅसेट तर गेल्याच, फितीत गाळ शिरला की काही होत नाही. डिस्क मात्र मी बादलीत साबणाच्या पाण्यानं धुतल्या आणि ओळीनं सुती साडीवर वाळत घातल्या. डीव्हीडी बहुतेक सगळ्या चालल्या. तिचा चकाकता थर दोन प्लास्टिकच्या चकत्यांच्या मध्ये असतो, पाणी सहजी तिथवर जात नाही. व्हीसीडीचा थर वरच्या छापील बाजूला पातळ लेपाखालीच असतो, त्यामुळं कितीतरी व्हीसीडींची चांदी पापुद्र्यासारखी सुटून हातात आली.

आणि सीलबंद डबे? ते मी बाजूला ठेवले. प्लास्टिक आहे, आत काय जाणार, असं वाटलं. आधी उघड्यांना वाचवू म्हटलं. दिवाळीत सहज एक फोडला. आत पाणी गेलं होतं आणि बाहेर यायला वाट नव्हती. दोन-अडीच महिने ते तिथंच मुरलं. आतला कागद डिस्कला चिकटून बसलेला, त्यावर काळी बुरशी, आणि वास असा की बायकोनं खिडक्या उघडल्या. एकामागून एक फोडत गेलो. जे मी कधी ना कधी पाहिले होते त्यातले बरेच वाचले होते, जे जपून ठेवले होते ते सडले होते. त्या दिवशी मी जिन्यात बसलो होतो, तू परवा बसलीस त्याच पायरीवर.

तू म्हणशील, आता सगळं ऑनलाइन मिळतं, मग डबे हवेतच कशाला. माझा मुलगाही पुण्याहून फोनवर हेच म्हणतो. अगं, मिळतं तोवर मिळतं. करार संपला की सिनेमा तिथून जातो, आणि जाताना तुला विचारत नाही. तू 'खरी कॉर्नर' चौकातून रोज गाडी काढतेस, तिथला कॅमेऱ्याचा स्तंभ बघितला असशील. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा घरी बनवला, त्यावर 'सैरंध्री' काढला, १९२० ला तो लोकांनी पाहिला. आज त्या सिनेमाची प्रत नाही. १९२५ चा मूक 'सावकारी पाश'ही नाही. कोल्हापुरात कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, पण त्या कॅमेऱ्यानं काढलेला 'सैरंध्री' बघायला बसावं तर बघायला काही नाही. त्या काळच्या फिती नायट्रेटच्या, ठिणगी पडायचा अवकाश की पेटायच्या. काही आगीत गेल्या, काही कुजल्या, काही तर त्यातल्या चांदीसाठी विकल्या गेल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं १९६४ ला, तोवर मूकपटांचा बराचसा काळ निघून गेला होता.

म्हणून मी माझे डबे कुणाला देत नाही. मुलाला याचा राग येतो. त्याला वाटतं बाप हट्टी आहे. असेल. पण मी पुरानंतर एकही डबा न पाहता ठेवलेला नाही, आणि जो पाहिला तो कुणाबरोबर तरी पाहिला. शेजारचा कुंभार, दूधवाल्याचा पोरगा, माझी बायको, जे असतील ते. एवढं केल्यावर माणसानं आपल्या घरात काय ठेवावं हे ठरवायचा हक्क त्याला मिळतो, असं माझं म्हणणं आहे. तुला तो हक्क अजून मिळालेला नाही. चिडू नकोस. ४१२ बंद डब्यांसाठी आईच्या गव्हाची कोठी अंगणात ठेवायला सांगणं मला पटत नाही.

विकू का, असं तू विचारलंस. फोडल्याशिवाय विकायचं नाही. सील फोड, लाव, पंधरा मिनिटं बघ. नाही रुचला तर दुसऱ्या दिवशी दे कुणालाही, भंगारात दे, मला वाईट वाटणार नाही. रुचला तर शेवटपर्यंत बघ आणि कपाटात ठेवताना आत एक चिठ्ठी टाक, कुणाबरोबर पाहिला आणि कधी. माझ्या डब्यांत अशा चिठ्ठ्या आहेत. सिनेमा कसा वाटला ते लिहू नकोस, ते बदलत राहतं.

नवीन घेणं सध्या बंद. हे सांगताना मला तुझा चेहरा दिसतोय, तरी सांगतो. चार फोडल्यावर एक घे.

आणि प्लेअर जप. व्हीसीआरचं काय झालं बघ, २०१६ ला शेवटच्या जपानी कंपनीनं ते बनवायचं थांबवलं आणि माझी उरलीसुरली कॅसेट नुसती वीट झाली. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कची खाचच नसते. जुना चालू प्लेअर कुठं स्वस्तात दिसला तर दुसरा घेऊन ठेव. डिस्क पुसताना गोल गोल पुसू नकोस, मधून कडेकडे सरळ पूस, मऊ सुती कापडानं. गोल पुसलंस आणि ओरखडा पडला तर तो माहितीच्या ओळीवरूनच जातो आणि सिनेमा तिथं अडकतो. डबे आडवे एकावर एक रचू नकोस, पुस्तकांसारखे उभे ठेव. तुझं ते भिंतीला टेकवलेलं कपाट पावसाळ्यापुरतं चार बोटं पुढं ओढ, त्या भिंतीला ओल आहे, मी बघितली.

आईला विचार, तिला कुठला बघायचाय. तू ८५० जमवलेस आणि तिला एकदाही विचारलं नाहीस, हे परवा तुझ्याच तोंडून निघालं आणि तू ते पुढच्या वाक्यात विसरलीस. मी नाही विसरलो. तिला विचार, आणि तो जर बंद डब्यातला असेल तर दुसऱ्या कुठल्याही कामाच्या आधी तो फोड. टीव्ही केवढा आहे ते बघू नकोस.

आज सकाळी बंधाऱ्यावर पाणी ३४ फूट होतं. इशाऱ्याची पातळी ३९. खाली राहिलं तर रविवारी दुपारी आईला घेऊन ये, काकू थालीपीठ लावणार आहे, आणि येताना तुझ्या बंद डब्यांतला एक आण. पाणी चढायला लागलं तर शनिवारीच ये, एकटी. खालचे दोन कप्पे माळ्यावर चढवायचे आहेत आणि माझा गुडघा आता शिडीवर साथ देत नाही.

तुझा,
काका