अहवाल ‘आपोआप’ येत नाही (पॉल वेन यांच्या वाटेबद्दलही थोडं)

तुम्ही लिहिलंय की पॅरिसला रोमन इतिहासातली पीएचडी संपत आलीय, डिफेन्स (प्रबंधाची तोंडी परीक्षा) नोव्हेंबरअखेर आहे, लगेच क्वालिफिकेशनचा (विद्यापीठातल्या जागांना अर्ज करण्याआधी लागणाऱ्या राष्ट्रीय पात्रतेचा) अर्ज भरायचाय आणि डिफेन्सच्या अहवालाबद्दल ऑफिसातल्या बाई म्हणतात, ‘अहवाल आपोआप येईल.’ शिवाय रोमचे फ्रेंच इतिहासकार पॉल वेन यांच्या आठवणी वाचून विचारलंय, आपल्याला तशी वाट जमेल का? तो ‘आपोआप’ वाचून माझ्या पोटात गोळाच आला, म्हणून एवढं लिहायला बसले.

वेन यांचं आधी उरकते. आठ वर्षांचा पोरगा दक्षिण फ्रान्समधल्या काव्हायोंजवळ रोमन अँफोराचा (दोन कानांच्या मातीच्या रांजणाचा) तुकडा उचलतो, तिथून पॅरिसची नामांकित एकोल नॉर्माल, आग्रेगासियों (शिक्षक निवडीची राष्ट्रीय स्पर्धा परीक्षा), 1955 ते 57 रोमच्या फ्रेंच एकोलमध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंच संशोधन संस्थेत, मग एक्स शहरात प्राध्यापकी आणि 1975 ला थेट कोलेज द फ्रांस, फ्रान्समधली सर्वात मानाची संस्था. वाचायला झकास. पण यातली आग्रेगासियोंची पायरी भारतीय पासपोर्टवर नाहीच, ती परीक्षा फ्रेंच आणि युरोपीय नागरिकांसाठी. मेत्र द काँफेरांसच्या, म्हणजे विद्यापीठातल्या कायम अध्यापकाच्या, जागेला मात्र नागरिकत्वाची अट नाही. तरी निवड समितीतले बरेच जण स्वतः ती परीक्षा दिलेले असतात आणि तुमच्या सीव्हीत ती ओळ नाही हे त्यांना दिसतं. हे माझं मत. दुसरं कुणी उलट सांगेल, तेही ऐका.

आता मुद्द्याचं. माझा डिफेन्स 2017 च्या नोव्हेंबरअखेरचा. विषय गॉलमधल्या (रोमन काळातल्या फ्रान्समधल्या) दात्यांचे शिलालेख, म्हणजे गावाला स्नानगृह बांधून दिलं, खेळ भरवले, आणि तसं दगडावर कोरून ठेवलं, असे लोक. परीक्षक पाच. डिफेन्सनंतरच्या खाण्यापिण्यासाठी मी पहाटे उठून साठ बटाटेवडे तळले होते. पाचही जण हातात ग्लास घेऊन, वडे खात, एकाच खोलीत तासभर उभे होते. आणि मी? फोटो काढत बसले!

क्वालिफिकेशनच्या अर्जाला डिफेन्सचा अहवाल लागतो, हे तुम्हाला माहीत असेलच. तो कसा तयार होतो ते मात्र कुणी सांगत नाही. प्रत्येक परीक्षक आपापला मजकूर लिहून अध्यक्षांना पाठवतो, अध्यक्ष ते जोडून सही करतात, मग बाकी सगळ्यांच्या सह्या. माझे चार मजकूर आठवड्यात आले. पाचवे गृहस्थ इटलीत उत्खननावर. अध्यक्षांना वाटलं ऑफिस पाठपुरावा करतंय, ऑफिसला वाटलं अध्यक्ष करतायत. मी रोज मेल करायची, उत्तर यायचं, ‘प्रक्रिया सुरू आहे.’ ऑफिसची खिडकी आठवड्यातून दोन सकाळी उघडी. एकदा गेले तर दारावर कागद: आज बंद. अहवाल आला तेव्हा क्वालिफिकेशनचे अर्ज घेणारं पोर्टल बंद होऊन चार दिवस झाले होते. अर्ज कुणी वाचलाही नाही, अपूर्ण म्हणून बाजूला. क्वालिफिकेशन नाही म्हणून वसंतातल्या एकाही जागेला अर्ज करता आला नाही. अख्खं वर्ष तासिका तत्त्वावर शिकवलं आणि राहण्याचा परवाना वाढवायला प्रत्येक वेळी नवा कागद जमवला. गंमत म्हणजे प्रबंधाच्या प्रस्तावनेत मी त्या ऑफिसचे आभार मानले होते.

आभारावरून आठवलं. वेन यांना कोलेज द फ्रांसमध्ये आणायला तिथले विचारवंत रेमों आरों यांनी जोर लावला होता, आणि पहिल्याच व्याख्यानात वेन त्यांचं नावच घ्यायला विसरले. आरोंनी ते मनाला लावून घेतलं आणि पुढे आपल्याला छळलं, असं वेनच सांगायचे. तेव्हा आभार माना, सगळ्यांचे माना. फक्त आभाराने अहवाल येत नाही.

2016 च्या नियमाप्रमाणे अहवाल डिफेन्सपासून महिन्याभरात तुम्हाला मिळायला हवा. (मी वकील नाही, आणि पोर्टलच्या तारखा दरवर्षी बदलतात, त्या स्वतः बघा.) पण तुमच्याकडे महिनाही नसेल. म्हणून डिफेन्सच्या आधीच अध्यक्षांना मुदतीची तारीख लिहून कळवा. त्या दिवशी, सगळे एका खोलीत असताना, प्रत्येकाला तोंडावर विचारा: मजकूर कधी देणार? जमलं तर डिफेन्सच पंधरा दिवस अलीकडे ओढा. मार्गदर्शक नाक मुरडतील, मुरडू देत. पुण्याची किंवा मुंबईची प्रमाणपत्रं असतील तर त्यांची फ्रेंच भाषांतरंही आत्ताच करून घ्या. त्यालाही वेळ लागतो.

अजून एक, न विचारता. वेन वाचून प्रबंधाचा शेवट त्यांच्यासारखा लिहावासा वाटतो, मलाही वाटला होता. दात्यांवरचंच त्यांचं पुस्तक ‘ल पँ ए ल सिर्क’ (‘भाकरी आणि खेळ’) सातशेहून जास्त पानांचं आहे आणि त्या बिनधास्तपणामागे शिलालेखांचा डोंगर आहे. आपल्याकडे आधी डोंगर हवा. सेक्शन 21 मधले (क्वालिफिकेशन देणाऱ्या समितीच्या प्राचीन आणि मध्ययुगीन इतिहास विभागातले) लोक, निदान माझे परीक्षक तरी, ‘लानेए एपिग्राफिक’चा (रोमन शिलालेखांच्या वार्षिक सूचीचा) क्रमांक चुकला की पान उलटायचं थांबत. आणि ‘भारतीय असून रोमवर’ हे भांडवल करू नका. तेर किंवा कोल्हापूरच्या रोमन वस्तूंवर खरंच काम असेल तर गोष्ट वेगळी.

रोमच्या एकोलची महिनाभराची शिष्यवृत्ती घेतली नसेल तर पीएचडी चालू असतानाच अर्ज करा, ती डॉक्टरेट करणाऱ्यांसाठीच असते. रोमच्या फार्नेझे राजवाड्यातलं तिचं ग्रंथालय एकदा तरी बघाच.

डिफेन्सची तारीख पक्की झाली की इथे लिहा. यंदाच्या मुदतीशी ताडून बघू.