सोलापुरात मासे कुठं खावेत? आधी सुरमईचा हट्ट सोडा

ताई, तुम्ही मालवणच्या. बँकेच्या बदलीनं चार महिन्यांपूर्वी सोलापुरात आलात, मटण खाऊन कंटाळलात, तलावाजवळच्या एका हॉटेलात सुरमई मागवलीत आणि अर्धी ताटात टाकून उठलात. आता दिवाळीनंतर आईवडील यायचेत, त्यांना पाण्याकाठी बसवून ताजे मासे खाऊ घालायचेत, तर कुठं न्यावं, असं विचारलंय. मी इथलाच. मासे खायची खोड लहानपणापासूनची, त्यामुळं जरा लांबण लावतो.

पहिली गोष्ट, सुरमई-पापलेटासाठी सोलापूर हे गावच नाही. रत्नागिरीचा किनारा इथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, मुंबई चारशे. मधल्या हातांची मोजदाद सोडा, नुसत्या बर्फातल्या प्रवासानंच त्या माशाचं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यात जून-जुलैत राज्याच्या किनाऱ्यावर मासेमारी बंद असते. तेव्हा इथल्या मेन्यूकार्डावर 'फ्रेश पापलेट' दिसलं तर नमस्कार करावा आणि डाळकांदा मागवावा. मी स्वतः एकदा ऐन जुलैत, पाहुण्यांसमोर मोठेपणा मिरवायला, एका एसी हॉटेलात तवा पापलेट सांगितलं होतं. पुढचे दोन दिवस ताक आणि मऊ भात. नाव घेत नाही, चूक माझी जास्त होती.

आणि 'पाण्याकाठी' म्हणाल तर गावात पाणी आहे. सिद्धेश्वर तलाव आहे, मधोमध मंदिर आहे, संध्याकाळी आईवडलांना जरूर न्या. पण तिथं मासे खायचा विषय काढू नका. संभाजी तलावाचंही तेच, फिरायला जा, जेवायला नको. हिप्परग्याचा तलाव, म्हणजे १८७१ साली अदिला नदीवर बांधलेला एकरुख, तोही बघायला छान. सोलापूरकराचं खरं माशाचं पाणी मात्र नव्वद किलोमीटरवर आहे, ते म्हणजे उजनी. भीमेवरचं हे धरण १९८० साली पुरं झालं. भरलं की जवळजवळ ११७ टीएमसी पाणी, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी. त्याला हात लागला की साठा उणे मोजतात. म्हणून तर उन्हाळ्यात आमच्याकडं 'उजनी मायनसमध्ये गेली' अशा बातम्या येतात, बाहेरच्यांना वाटतं आकडा चुकला. तो मायनस साठाही समुद्रासारखाच दिसतो आणि त्यात मासा असतो.

आता मासा कुठला, ते महत्त्वाचं, कारण नावं तुमच्या ओळखीची नसणार. सगळ्यात जास्त मिळतो तो चिलापी. हा मूळचा आफ्रिकेतला, आपल्या देशात १९५२ साली आणला आणि इथं असा माजला की बाकीच्यांना जागा उरली नाही. जुनी माणसं त्याला नावं ठेवतात, तरी ताजा असेल तर अख्खा, दोन्ही बाजूंनी चिरा देऊन, कडक तळलेला चिलापी मला कुठल्याही शिळ्या सुरमईपेक्षा प्यारा आहे. रोहू, कटला, मृगळ यांचं मांस गोडसर, पण त्यात दुफाटी बारीक काटे असतात. तुमच्या वडलांना बांगड्याची सवय असेल तर ते पहिल्या घासाला वैतागतील, त्यांच्यासाठी पोटाकडचा तुकडा मागा. शिंगटा रश्श्याला चांगला. वाम मिळाली तर सोडू नका, मधला एक काटा काढला की नुसतं मांस. घरी आणलीत तर मात्र राखेनं चोळून बुळबुळीतपणा काढावा लागतो. आणि सगळ्यांचा राजा मरळ. काटे कमी, मांस घट्ट, भाव चढा. मरळ पाण्याबाहेर बराच वेळ जगते, म्हणून बाजारात ती टोपात जिवंत वळवळत असते. जिवंत दाखवता येत नसेल तर मरळीचे पैसे देऊ नका. हायवेवरच्या एका ठिकाणी मरळ म्हणून माझ्या ताटात भलतंच काही आलं होतं, रबरासारखं. तो मांगूर असावा असा माझा संशय. थाई मांगूर पाळण्यावर बंदी आहे, तरी मिशावाला काळा मासा फार स्वस्तात कुणी देत असेल तर दोन प्रश्न जास्त विचारा.

आता जागा. आईवडलांसाठी मी भिगवणच सांगेन. पुणे रस्त्यानं दीडशे किलोमीटर, जिल्हा पुणे, तालुका इंदापूर, पण पाणी आपलंच. सकाळी सहाला निघा. भिगवणला माशांचा लिलाव होतो तो बघा, तुमच्या आईला बंदरावरची आठवण येईल. पाट्यांत चमकणारा मासा, ओरडून बोलणारे आडते, बाजूला तुकडे करून देणारे. हायवेलगत मासळीच्या हॉटेलांची रांगच आहे. मी नाव सांगणार नाही, कारण आचारी बदलला की हॉटेल बदलतं. पार्किंगमध्ये एमएच १३ (सोलापूर) आणि एमएच ४२ (बारामती) किती आहेत ते बघून आत शिरायचं, हा माझा नियम. नुसत्या मुंबईच्या गाड्या असतील तर पुढं जा. आत गेल्यावर मासा कच्चा दाखवा म्हणायचं. कल्ले लाल हवेत, बोट दाबलं तर खड्डा राहता कामा नये. हे तुम्हाला शिकवणं म्हणजे विठोबाला पंढरीचा रस्ता सांगणं, पण इथं गिऱ्हाईक मासा बघायला मागत नाही म्हणून लिहिलं. भाव नगावर की वजनावर, तेही आधीच ठरवून घ्या.

पाण्याकाठीच बसायचं असेल तर भिगवणजवळच्या कुंभारगाव, डिकसळ या बॅकवॉटरच्या गावांत जा. फ्लेमिंगो बघायला येणाऱ्यांना होडीतून फिरवणारी तिथली मच्छीमार कुटुंबं घरगुती जेवणही देतात, आदल्या दिवशी फोन करून सांगावं लागतं. चुलीवरचा रस्सा, ज्वारीची भाकरी, समोर पाणी. तुमच्या प्रश्नाला याच्याइतकं नेमकं उत्तर माझ्याकडं दुसरं नाही. दिवाळीनंतर लगेच फ्लेमिंगो मिळतीलच असं नाही, ते हिवाळा मुरला की जमतात. जमलं तर आईवडलांना जानेवारीत बोलवा, सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्राही होईल. एप्रिल-मे मात्र टाळा. पाणी उतरतं, पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं, ते बघायला ठीक. पण पुण्याकडून आलेल्या घाणीनं पाणी हिरवं पडतं आणि माशाला शेवाळाचा वास लागतो. तेव्हा आणलाच तर हळद-मीठ आणि चिंचेच्या कोळात तासभर ठेवा.

इतकं लांब जायचं नसेल तर टेंभुर्णीपर्यंत जा, दीड तासात पोचाल. तिथंही हायवेला चांगला मासा मिळतो. गर्दी कमी, देखावाही कमी.

गावात खायचं असेल तर पूर्व भागात. कन्ना चौक, अशोक चौक, तिकडचा सगळा पद्मशाली, तेलुगू बोलणारा विणकरांचा भाग. ही मंडळी माशाची खरी दर्दी. मिरगाला, म्हणजे जूनच्या ७-८ तारखेला, त्यांच्यात मासा खायचाच असतो, त्या दिवशी भाव विचारायची सोय नसते. त्यांचा चेपल पुलुसू म्हणजे चिंचेच्या कोळातला आंबट-तिखट रस्सा, नारळ नाही, काही नाही. मालवणी जिभेला पहिल्यांदा ओकंबोकं वाटेल. पण तो केल्या दिवशी खायचाच नसतो, रात्री करून सकाळी गरम भाताबरोबर खायचा. माझ्या लहानपणी शेजारच्या आत्या डबा भरून द्यायच्या, तेव्हापासून मी आमच्या घरचा काळ्या मसाल्यातला रस्सा विसरलो. हॉटेलात हा पुलुसू नीट मिळत नाही. बँकेत कुणी तेलुगू सहकारी असेलच, ओळख वाढवा आणि लाज सोडून जेवायला जा. सावजी खाणावळीत मात्र मासा मागू नका, तिथं मटणच.

वार बघून जा, हे राहिलंच. बुधवार, शुक्रवार, रविवारी मासा भरपूर आणि ताजा. सोमवार, गुरुवार, एकादशी आणि अख्खा श्रावण बाजार थंड असतो, उरलेला माल खपवला जातो. शेवटी हीच भीमा पुढं पंढरपुरात चंद्रभागा होते, माळकऱ्यांचा जिल्हा आहे हा. आणखी एक विनंती: बोटाएवढी पिल्लं 'कुरकुरीत फ्राय' म्हणून मिळतात, ती मागवू नका. बारीक आसाच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या, वडाप जाळ्यांनी ती ओढून काढतात, ते बेकायदा आहे आणि उद्याचा मोठा मासाही त्यातच संपतो. भिगवणचे मच्छीमारच त्यावर सगळ्यात जास्त चिडलेले असतात.

जेवणात भाताचा आग्रह धरू नका, कडक भाकरी रश्श्यात मोडून खा. सोलकढी सहसा मिळणार नाही. आईंना येताना कोकमाच्या आगळाची बाटली आणायला सांगा, दोन आणल्या तर एक माझ्याकडं पाठवा, बदल्यात शेंगाचटणी देईन.