कलेक्ट, गॅदर, जॉइन, मर्ज… 'एकत्र करणे' म्हणताना नेमकं कोणतं क्रियापद?

तुमचा प्रश्न असा, की शब्दकोशात कलेक्ट, गॅदर, जॉइन, कंबाइन, मर्ज अशा सगळ्यांपुढे 'एकत्र करणे' एवढंच दिलेलं असतं, मग निवड कशी करायची? आणि 'आय मर्ज्ड द टू पेजेस विथ अ स्टेपलर' हे तुमचं वाक्य सरांनी का खोडलं?

मी भाषांतराची कामं करते, या शब्दांनी मलाही बरंच छळलंय. घोळ 'एकत्र करणे' या अर्थातच आहे. आपण मराठीत तरी तो कुठे वापरतो? माणसं जमवतो, पैसे साठवतो, सुटे भाग जोडतो, रंग कालवतो, धीर एकवटतो. इंग्रजीतही प्रत्येक कामाचा शब्द वेगळा आहे, इतकंच.

माझी कसोटी अशी: एकत्र आल्यावर त्या गोष्टी पुन्हा वेगळ्या करता येतील का?

'जॉइन'मध्ये येतात. हा शब्द लॅटिन 'युंगेरे'वरून आला. संस्कृतातला 'युज्' धातू, इंग्रजी 'योक' आणि आपलं बैलांच्या मानेवरचं जू, हे सगळं एकाच कुळातलं. जुवाला जोडले तरी बैल दोनच राहतात. 'कंबाइन'मध्ये घटक मिळून एक काम करतात, पण कोण कोणता हे बहुधा सांगता येतं. 'ब्लेंड' झालं की तेही सांगता येत नाही. 'मर्ज' त्याच्याही पुढचं. लॅटिनमध्ये 'मेर्गेरे' म्हणजे बुडवणे. सबमर्ज म्हणजे पाण्याखाली जाणे, इमर्ज म्हणजे वर येणे, ही त्याचीच भावंडं. म्हणून मर्ज होताना कुणाची तरी वेगळी ओळख बुडते, मग त्या दोन कंपन्या असोत किंवा एकमेकींत मिळणाऱ्या रस्त्याच्या दोन मार्गिका.

हे मी व्युत्पत्ती वाचून नाही, एक्सेलमध्ये हात पोळून शिकले. एका रकान्यात नावं होती, शेजारच्या रकान्यात आडनावं. दोन्ही एकत्र हवीत म्हणून मी एकेक ओळ निवडून मर्ज करत सुटले. समोर आलेला इशारा न वाचताच ओके दाबलं. नावं राहिली, आडनावं गेली! एक्सेल मर्ज करताना निवडलेल्या चौकटींपैकी वरची डावीकडची ठेवतं, बाकीच्यांतला मजकूर पुसतं. मला हवं होतं ते 'कॉन्कॅटनेट' नावाचं सूत्र. लॅटिनमध्ये 'कातेना' म्हणजे साखळी. एका कडीला दुसरी कडी, एकही गळत नाही. फरक अगदी नावातच लिहिलेला होता.

कलेक्ट आणि गॅदर यांच्यासाठी मात्र ही कसोटी चालत नाही. तिथे विचारायचं, की जमवणारा निवडून घेतोय का? 'शी कलेक्ट्स स्टॅम्प्स' म्हणजे तिला पोस्टाची तिकिटं जमवायचा छंद आहे, हवं ते ती शोधून घेते. 'शी गॅदर्ड द स्टॅम्प्स' म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते वेगळंच: डबा उपडा झालाय आणि ती जमिनीवर विखुरलेली तिकिटं गोळा करतेय. आणि वर्षानुवर्षं पाकिटं न टाकल्यामुळे घरात तिकिटांचा ढीग झाला, तर ती 'अक्युम्युलेट' झाली, म्हणजे साचली. 'क्युम्युलस' म्हणजे लॅटिनमध्ये ढीगच, त्याच नावाचे कापसाच्या ढिगासारखे ढगही असतात. अर्थात ही भिंत पक्की नाही. माहितीच्या बाबतीत 'कलेक्ट' आणि 'गॅदर' दोन्ही सर्रास चालतात, तिथे डोकं शिणवू नका.

आपली हमखास होणारी चूक दुसरीच असते. मराठीत जमणे वेगळं आणि जमवणे वेगळं, साचणे वेगळं आणि साचवणे वेगळं. इंग्रजीत एकच क्रियापद दोन्हीकडे राबतं. 'द टीचर गॅदर्ड द चिल्ड्रन' हेही बरोबर आणि 'द चिल्ड्रन गॅदर्ड' हेही. आपल्याला दुसरं वाक्य अपुरं वाटतं, म्हणून आपण 'द चिल्ड्रन गॉट गॅदर्ड' करून ठेवतो. मिक्स, मर्ज, कंबाइन, असेम्बल, अक्युम्युलेट, सगळ्यांना हेच लागू. गंमत म्हणजे 'द बुक इज गॅदरिंग डस्ट' यात पुस्तकच धूळ गोळा करतं. हसू नका, आपल्याकडे ते धूळ खात पडतं.

जोडीला येणारी शब्दयोगी अव्ययं पाठच करावी लागतात. अटॅच आणि अ‍ॅड यांना 'टू' लागतं, कंबाइनला 'विथ', मर्जला 'विथ' किंवा 'इंटू'. संस्थेत दाखल होताना जॉइनला काहीच लागत नाही: 'आय जॉइन्ड द क्लब', मध्ये 'इन' किंवा 'टू' घुसडू नका. 'कंबाइन टुगेदर' लिहिलं तर संपादक 'टुगेदर' उडवतात, 'जॉइन टुगेदर' मात्र पूर्वापार चालत आलंय. यात तर्क शोधायचा मी सोडून दिलाय.

आता तुमचं वाक्य. स्टेपलरने पानं बुडत नाहीत, पिन काढली की दोन्ही पुन्हा सुटी, म्हणून मर्ज गेलं. 'अटॅच' चालेल. पण सरावलेला इंग्रजी बोलणारा इथे यातलं कुठलंच क्रियापद सहसा घेत नाही, तो हत्यारालाच क्रियापद करतो: 'आय स्टेपल्ड द टू पेजेस टुगेदर'. डिंक असेल तर ग्लू, चिकटपट्टी असेल तर टेप, नटबोल्ट असतील तर बोल्ट, आणि प्रत्येकापुढे टुगेदर. तुम्ही मराठीत सांगताना 'पानं एकत्र केली' म्हणाला असतात, की 'पानांना पिन मारली'?