रक्तपेशींची निर्मिती : अभ्यासाची सुरुवात

आपण नव्याने सुरुवात करीत आहात, तेव्हा पेशींच्या वंशावळीचा तो अवाढव्य तक्ता पाठ करू नका. अस्थिमज्जेतील मूळ पेशी स्वतःसारखी पेशीही घडवते आणि वेगळ्या वाटेने जाणारीही, एवढे आधी समजून घ्या. मग नियमनाकडे वळा: ऑक्सिजन कमी पडल्याचे मूत्रपिंडाला जाणवते, ते एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक स्रवते आणि मज्जेतील तांबड्या पेशींची निर्मिती वेग घेते, मूत्रपिंडाच्या जुनाट विकारात रक्तक्षय का होतो, हेही त्यातून उलगडते.

नेहमीच्या चुका दोन:

- रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेटला पूर्ण पेशी समजणे. तो मेगाकॅरिओसाइट या मोठ्या पेशीचा तुकडा असतो.
- आयुर्मान विसरणे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, प्लेटलेट जेमतेम ८ ते १०. म्हणून मज्जेतील निर्मिती थंडावली की तांबड्या पेशींच्या आधी प्लेटलेट घटतात.

सायटोकाइनांची, म्हणजे पेशींना संदेश देणाऱ्या प्रथिनांची, लांबलचक यादी तूर्त बाजूला राहू द्या.