आधी घरात सांग

प्रभूमध्ये प्रिय,
सप्रेम सलाम.

रविवारी उपासना सुटल्यावर भायखळ्याच्या आपल्या मंडळीच्या आवारात तू मला बाजूला घेऊन जे सांगितलेस, ते ऐकल्यापासून माझे मन स्वस्थ नाही. नोकरी जाऊन दोन महिने होत आले, तरी तू रोज सकाळी बायकोने भरून दिलेला डबा घेऊन बदलापूरहून लोकल पकडतोस, दिवसभर कुठेतरी बसून राहतोस आणि नेहमीच्या वेळेला घरी परततोस. आणि मला विचारलेस ते एवढेच, की उपास किती दिवसांचा धरावा. उपासाविषयी मी आज काही लिहिणार नाही. आधी घरात सांग.

ती घाबरेल, आईचा रक्तदाब वाढेल, सासरची माणसे नावे ठेवतील, ही तुझी कारणे मला समजतात. परंतु रात्री तुमच्या घरी कौटुंबिक प्रार्थना होते, हे तूच मला सांगितलेस. त्या प्रार्थनेत तुझी बायको तुझ्या ऑफिसच्या कामासाठी आशीर्वाद मागते आणि तू आमेन म्हणतोस. जी नोकरी उरलीच नाही तिच्यासाठी तिला देवापुढे हात जोडू देताना तुला झोप कशी लागते, हे मला विचारावेसे वाटते. पगार थांबला म्हणून मोडलेली घरे मी फार थोडी पाहिली आहेत. नवऱ्याने लपवलेले कर्ज वसुलीवाल्याच्या तोंडून बायकोला कळले आणि त्या दिवसापासून घरातली प्रार्थना बंद पडली, अशी मात्र पुष्कळ पाहिली आहेत.

मत्तयाचा सव्विसावा अध्याय पुन्हा काढून वाच. गेथशेमाने बागेत प्रभूने पेत्राला आणि जब्दीच्या दोघा मुलांना बरोबर नेले, आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे असे त्यांना उघड सांगितले आणि जागे राहण्याची विनंती केली. ते पुढे झोपी गेले. ते किती दुबळे आहेत हे त्याला ठाऊक होते, तरी त्याने आपले दुःख त्यांच्यापासून झाकून ठेवले नाही. मग तू कोण मोठा लागून गेलास? आपल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचेही पाहा. १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो पत्नी लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता. आणि त्या माउलीने काही वर्षे ताटातुटीत काढली. टिळकांची भजने आजही आपल्या ओठांवर आहेत, त्यांच्याविषयीचा माझा आदर तसूभरही कमी नाही, पण पवित्र निर्णयसुद्धा घरच्या माणसाच्या पाठीमागे घेतला तर घराला किंमत मोजावी लागते, तर तुझ्या या लपवाछपवीचे काय होईल?

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. माझे वडील त्यांतले एक, साच्यावर म्हणजे मागावर काम करणारे. पगाराची तारीख कोरडी गेली त्या रात्री शास्त्रवाचन झाल्यावर त्यांनी आम्हां मुलांसमोर, डोळे मिटून पण स्पष्ट आवाजात, घरात किती पैसे आहेत, वाण्याची उधारी किती झाली आणि आईचे मंगळसूत्र गहाण ठेवावे लागेल, हे सगळे प्रभूला सांगितले. आत्या चिडली, पोरांपुढे असले बोलू नये म्हणाली. परंतु दुसऱ्या दिवसापासून आईने साड्यांना फॉल लावून द्यायचे काम धरले, थोरला भाऊ पहाटे वर्तमानपत्रे टाकू लागला आणि त्या नाताळात नवे कपडे मागू नयेत, हे आम्हाला कोणी सांगावे लागले नाही. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेला नाही. वडिलांची नोकरी परत आली नाही. आमचे घर मात्र एकत्र राहिले.

म्हणून २०२० साली चर्चची दारे बंद झाली आणि माझा पगार निम्म्यावर आला, तेव्हा मीही घरच्या प्रार्थनेत मुलांसमोर आकड्यांसकट बोललो. माझी मुलगी आता म्हणते की त्या वर्षी तिला रात्र रात्र झोप लागत नसे आणि मी ते तिच्यापुढे बोलायला नको होते. तिची ती जागरणे माझ्या मनातून जाणार नाहीत. शब्द सौम्य हवे होते, असे माझी पत्नी म्हणते, आणि असेलही तसे. पण मुळात सांगायलाच नको होते, हे मी कोणाकडूनही ऐकून घेणार नाही, मुलीकडूनही नाही. कारण हीच मुलगी मागच्या वर्षी स्वतःच्या अडचणीत सापडली तेव्हा कोणा परक्याकडे न जाता त्याच प्रार्थनेत येऊन, रडत का होईना, सगळे बोलली. हे बळ तिला कोठून मिळाले, याचा तिने एकदा विचार करावा.

जाता जाता आणखी एक. चाळीस दिवसांत नोकरी हवी असेल तर एका महिन्याचा पगार अर्पण कर, असे तुला ज्यांनी सांगितले त्यांच्या सभेला पुन्हा जाऊ नकोस. उसने पैसे काढून दिलेले अर्पण देवाने मागितलेले नाही. आणि जो आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही त्याच्याविषयी पौलाने तीमथ्याला काय लिहिले, ते तुला पाठ आहे.

तर आज रात्री, जेवणे झाल्यावर, आईलाही बसवून घे. आधी स्तोत्र वाच, मग बोल: नोकरी कधी गेली, गृहकर्जाचे किती हप्ते थकले, मोबाईलवरून घेतलेले ते दुसरे कर्ज किती. रक्कम कमी करून सांगू नकोस. ती रागावली तर ऐकून घे आणि त्याच वेळी क्षमा मागायची घाई करू नकोस, तिला पुरते बोलू दे. मग येत्या रविवारी उपासनेनंतर दोघेही आमच्याकडे जेवायला या आणि बँकेचे व भविष्यनिर्वाह निधीचे कागद बरोबर आणा. बँकेत हप्त्यांविषयी बोलायला मी तुझ्यासोबत येईन, कामासाठी दोनचार ठिकाणी शब्दही टाकीन. मात्र ती माझ्या दारात येईल तेव्हा तिला सारे ठाऊक असले पाहिजे. ते सांगण्याचे काम मी करणार नाही.

तुझा,
काका