मंडळीतली (चर्चमधली) मुलं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मूल अडीच वर्षांचं आहे. उपासनेत दहा मिनिटांत चुळबुळ, मग रडणं. पुढचे लोक मान वळवून बघतात. आता बाजूच्या खोलीत स्पीकर लावून आयांची सोय केली आहे. तिथंच बसावं का? (एक आई, श्रीरामपूर)

अडलं तर थोडा वेळ जरूर बसा, पण ती तुमची कायमची जागा होऊ देऊ नका. उपदेश स्पीकरवरच ऐकायचा तर घरी मोबाइल आहेच, असं वाटायला लागतं आणि येणं सुटतं. त्यापेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर, बाजूच्या दाराकडच्या टोकाला बसा. मागून मुलाला मोठ्यांच्या पाठीच दिसतात. पुढून पेटी, तबला, पाळकांचा (धर्मगुरूंचा) झगा दिसतो आणि गीतं होईस्तोवर ते रमतं. खरा प्रश्न उपदेशाचा. मेणाचे खडू, कोरे कागद, एखादं कापडी पुस्तक अशी पिशवी ठेवा आणि ती उपदेशालाच उघडा. आधी उघडली तर ऐन वेळी तिचं नवल संपलेलं असतं. वाजणारी खेळणी नकोत. वेफर्सही नकोत, त्या पाकिटाचा आवाज वेदीपर्यंत जातो. रडू आवरेना तर बाहेर न्या, पण कडेवरच ठेवा आणि शांत झालं की परत या. अंगणात खेळायला सोडलंत, की रडलं म्हणजे सुटका होते हे पोर लगेच शिकतं.

उरलेलं काम मंडळीचं. ‘बाळकांना मनाई करू नका’ हे आपण भिंतीवर रंगवतो आणि त्याच भिंतीखाली आईकडे डोळे वटारतो. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, येशू रागावला तो मुलांना आणणाऱ्यांना दटावणाऱ्या शिष्यांवर.

प्रश्न : शब्बाथशाळा (मुलांचा रविवारचा बायबलवर्ग) उपासनेच्या वेळीच भरवावी, असा कमिटीचा विचार आहे. योग्य आहे का?

संपूर्ण वेळ नको. गीतं आणि शास्त्रवाचन सगळ्यांबरोबर, उपदेशाला चार ते दहा वर्षांची मुलं वर्गात, आणि शेवटच्या आशीर्वादाला परत, हे जमतं. दहाच्या पुढची मुलं आतच बसू द्या. नाहीतर दृढीकरणाच्या (बाळपणी बाप्तिस्मा झालेल्यानं मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या) वर्गात येणाऱ्या मुलाला विश्वासांगीकार (उपासनेत सगळे मिळून म्हणतात ती विश्वासाची कबुली) म्हणता येत नाही, कारण तो त्यानं कधी ऐकलेलाच नसतो.

मोठ्या मुलांना काम द्या. शास्त्रपाठ वाचायचा असेल तर उतारा बुधवारपर्यंत हातात द्या, शनिवारी रिकाम्या मंदिरात माइकवर दोनदा वाचून घ्या, माइक त्यांच्या उंचीला आणा. रविवारी सकाळी ऐनवेळी पुस्तक हातात दिलं, की पोर ‘नबुखद्नेस्सर’सारख्या बायबलमधल्या राजाच्या नावावर अडखळतं, बाकांवर हशा होतो आणि ते पुन्हा पुढे येत नाही.

प्रश्न : आम्ही बाळाचं समर्पण केलं (चर्चमध्ये प्रार्थना करून बाळ देवाला अर्पण केलं), बाप्तिस्मा दिला नाही. मंडळी सी.एन.आय.ची (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची) आहे. चालतं का?

चालतं. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात वेगवेगळे चर्चपंथ एकत्र येऊन सी.एन.आय. झाली तेव्हा त्यात समज आल्यावरच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्ट आणि ब्रदरनही आले. म्हणून बालबाप्तिस्मा व पुढे दृढीकरण, किंवा समर्पण व समज आल्यावर बाप्तिस्मा, या दोन्ही वाटा मान्य आहेत. नोंद मात्र पाळकांकडे त्याच आठवड्यात करून घ्या.

प्रश्न : मुलांच्या शिबिरासाठी काय नियम ठेवावेत?

कोणतंही मूल एका मोठ्या माणसाबरोबर बंद खोलीत एकटं नको. दोन मोठे, आणि दार उघडं. मुली असतील तर मुक्कामाला महिला शिक्षिका हव्यातच. मूल न्यायला कोण येणार, हे पालकांकडून आधी लेखी घ्या. फोटो ग्रुपवर टाकण्यापूर्वी विचारा.

लैंगिक छळाचा संशय आला तर ‘आधी कमिटीत बोलू’ म्हणत थांबू नका. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं कुणालाही बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा ठरतो, आणि हाताखालच्या माणसाचं झाकणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलांसाठीचा 1098 हा हेल्पलाइन क्रमांक वर्गाच्या भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीला लावा.